सहा बोटांची जोडी

आमच्या गावात डोंगरावर जाणारा माणूस आपली स्कीची जोडी आपण निवडत नाही. घरी जो मागे थांबणार असतो, तो निवडतो. बायको, आई, बहीण, कुणी का असेना. त्यानं ती जोडी दाराशी उभी करून ठेवायची आणि जाणाऱ्यानं मुकाट्यानं खांद्यावर टाकून चालू लागायचं. बदलायची नाही, कुरकुरायचं नाही. आमचे जुने लोक म्हणत, वर जाणाऱ्याचं डोकं आधीच वर पोचलेलं असतं, त्याला अंगणातला बर्फ दिसत नाही. थांबणाऱ्याचं डोकं ठिकाणावर असतं. हसायचं तर हसा, राजधानीतून, ल्युब्ल्यानाहून येणारे हसतातच. पण मातेव्झ सुतारानं एकदा दारातून माघारी फिरून जोडी बदलली होती आणि तो थेट बर्फ वितळल्यावर सापडला. गाव ते विसरलेलं नाही.

या रीतीला दुसरी बाजूही आहे. थांबणाऱ्यानं 'जाऊ नको' म्हणायचं नाही. वादळ असो, सण असो, घरात तान्हं मूल असो. त्याच्या हातात जोडी दिलेली आहे, तोंडाला मात्र कुलूप.

मी लुडविक. डोंगरात अडकलेल्यांना खाली आणणाऱ्या पथकात माझा जन्म गेला. तोंडाचा फटकळ आहे, हे मी सांगायला नको, गाव सांगेल. माझी बायको झोफ्का स्कीचं दुकान चालवते. भाड्यानं देते, विकते, कडांना धार लावते, मेण लावते. मी बोलतो आणि ती ऐकते, असा आमचा संसार चाललाय असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

दुकानात ती कशी असते ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. याच हिवाळ्यात एक तालेवार माणूस आला. म्हणाला, "मला एकच जोडी द्या, सगळीकडे चालेल अशी."

झोफ्का म्हणाली, "सगळीकडे चालते अशी एकच वस्तू मला माहीत आहे, माझ्या सासूची जीभ. ती विकायला नाही."

माझी आई तिथेच बसली असती तर हसली असती. झोफ्कानं भिंतीवरून तीन जोड्या काढल्या आणि बूट बसतो त्या जागी, स्कीच्या कमरेवर, आपली बोटं आडवी टेकवली. ती मिलिमीटरमध्ये बोलत नाही. तिचं सगळं माप बोटांचं.

"ही चार बोटांची," ती म्हणाली. "रात्री गोठून सकाळी काच झालेला बर्फ असला, तर ही. अरुंद आहे, कड पटकन रुतते. ही सहा बोटांची. मांडीएवढा ताजा भुसभुशीत पडला असला तर ही. रुंद आहे, नाक वर उचललेलं आहे, त्यामुळे बुडत नाही. पण हिला काचेवर न्याल तर ही एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला इतका वेळ लावते की तोवर तुम्ही खाली पोचलेले असता, पाठीवर. आणि ही मधली, पाच बोटांची. आत पत्रा आहे म्हणून थरथरत नाही, नाक थोडंसं उचललेलं आहे म्हणून रुतत नाही. कशातच पहिली येत नाही, पण कशातच नापासही होत नाही. सगळ्या बर्फांची म्हणतात ती हीच."

तो गृहस्थ म्हणाला, "मग मी सहा बोटांचीच घेतो. ताज्या बर्फात फोटो छान येतात."

"दिवसभरात तुम्ही जिथे जास्त वेळ घालवता ते बघून निवडा," झोफ्का म्हणाली. "फोटो कुठे काढता ते बघून नको."

मी कोपऱ्यातून म्हणालो, "यांना पी हळद नि हो गोरी पाहिजे." झोफ्कानं माझ्याकडे असं बघितलं की मी उठून बाहेर लाकडं फोडायला गेलो. त्यानं पाच बोटांचीच घेतली, आणि आठवड्यानं पोटित्सा घेऊन आभार मानायला आला. अख्खी अक्रोडाची वळकटी, एकट्या झोफ्कासाठी.

सांगायचा मुद्दा, झोफ्काचं बर्फाच्या बाबतीत चुकत नाही. संध्याकाळी ती घरामागच्या ओढ्यापर्यंत जाते, टाचेनं बर्फ दाबते, पाण्याचा आवाज ऐकते आणि परत येते. दुसऱ्या दिवशी काय असेल ते तिला कळलेलं असतं. रेडिओवरच्या हवामानवाल्याला कळलेलं नसतं.

आता मूळ गोष्ट. आमच्या पथकात साठी उलटली की दर हिवाळ्याला तपासणी देऊन दाखवावी लागते. वरच्या घळीतून जखमीला आणायची जड स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, धरून खाली यायचं. वर कडक बर्फ, मध्ये जंगलातला मऊ, खाली कुरणावरचा ओला चिखलासारखा. जोडी एकच, तिन्हींना. पास झालात तर वर जाणाऱ्यांत नाव राहतं. नापास झालात तर खाली तळावर रेडिओपाशी बसायचं आणि 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' करत राहायचं. मला ते मरणापेक्षा वाईट वाटायचं. मी हे घरीदारी, खानावळीत, चर्चच्या पायरीवर, सगळीकडे बोललेलो होतो. माझं नाव त्या यादीतून गेलं तर माझ्यात उरेल काय, फक्त तोंड.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पावसाचा बर्फ झाला होता. ओला, जड. रेडिओ म्हणाला, रात्रभर पडत राहणार. झोफ्का ओढ्यावर जाऊन आली, नाक लाल झालेलं, आणि काही न बोलता दुकानात गेली. मी आंबट सलगमाचं कढण प्यायलो आणि बाळासारखा झोपलो.

सकाळी दार उघडलं. आकाश निळंशार. एक ढग नाही. अंगणात पाऊल टाकलं आणि पाय सरकला, कारण रात्रीत सगळं गोठून काच झालं होतं. आणि दाराशी उभी होती ती सहा बोटांची जोडी.

मी वळून बघितलं. झोफ्का चुलीपाशी माझ्याकडे पाठ करून कॉफी ओतत होती.

"रात्री आकाश उघडलं," मी म्हणालो.

"हो का," ती म्हणाली.

भिंतीवर पाच बोटांची टांगलेली होती, हाताच्या अंतरावर. दुसरा कुणीही ती उचलून चालू लागला असता. पण मी आमच्या गावचा. मातेव्झ सुतार डोळ्यापुढे आला. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठं म्हणजे मला बायकोची दया आली. वाटलं, बिचारी रेडिओवर विसंबली, आयुष्यात एकदा चुकली, आता दारात तमाशा करून तिचा पाणउतारा कशाला करा. मी तिच्या खांद्यावर थोपटलं. मी, ज्यानं लग्नानंतर हिशेबानं चार वेळा थोपटलं असेल. तिचा खांदा दगडासारखा घट्ट होता. मला वाटलं, तिलाही चूक कळलीय आणि लाज वाटतेय.

वर घळीपाशी पथकाचा प्रमुख रायको उभा होता. त्याला स्लेज धरायला मीच शिकवलेलं. त्यानं माझ्या पायांकडे बघितलं. "काका, ही जोडी?"

"घरून आलीय," मी म्हणालो. पुढे त्यानं विचारलं नाही. हे वाक्य आमच्याकडे पुरतं.

माझ्याआधी शेजारचा विंको होता. माझ्याच वयाचा, चालतो बदकासारखा, घसरतोही बदकासारखाच. त्याच्या पायात पाच बोटांची, कडांना नवी धार, उन्हात चमकत होती. तो फरफटत, शिव्या घालत, पण स्लेज न सोडता खाली गेला. खाली टाळ्या वाजलेल्या मला ऐकू आल्या.

मग मी. पहिलं वळण घेतलं, उजव्या बाजूचं, ते जमलं. दुसऱ्याला कड धरेना. मी गुडघा दाबतोय, घोटा दाबतोय, आणि ती रुंद जोडी काचेवर नुसती खरवडत खाली चाललीय. डाव्या पायावर सगळा भार आला आणि डावा पाय, काय सांगू, पाय नव्हताच तिथे. तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा दुमडला. स्लेज माझ्या हातून निसटली. मी तिच्या मागून पाठीवर. दोघंही घळीच्या कडेला ताणलेल्या जाळीत जाऊन अडकलो. खालची माणसं धावत आली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

रायको माझे बूट सोडवत म्हणाला, "काका, बर्फच तसा होता."

मी म्हणालो, "विंकोला नव्हता का?" नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांना मी आयुष्यभर हसलो, आता स्वतः काय म्हणू?

खाली तळावर विंको प्लमची ब्रँडी ओतत होता. त्यानं मला बाजूला घेतलं. मला वाटलं सांत्वन करणार. तो म्हणाला, "लुडविक, तुझं वाईट झालं बघ. पण तुझ्या झोफ्काला माझा निरोप दे. ती देवासारखी आली काल."

"कुठे आली?"

"आमच्याकडे. मार्येता माझ्यासाठी सहा बोटांची काढत होती, रेडिओ बर्फ म्हणाला म्हणून. झोफ्का दारातूनच म्हणाली, ओढ्याचा आवाज बारीक झालाय, रात्री आकाश उघडणार, सकाळी काच असेल. पाच बोटांची द्या आणि धार नवी करा. स्वतः बसून धार लावून दिली तिनं. तिच्यामुळे वाचलो मी."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. विंको बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. विंकोच्या बायकोला, मार्येताला, पाच बोटांची. मला सहा. एकच संध्याकाळ, एकच ओढा, एकच घळ. मी मनात पुन्हा पुन्हा मांडून बघितलं आणि दर वेळी उत्तर तेच आलं. पायाखालची वाळू सरकणं म्हणतात ते मला सत्तावन्न हिवाळे बर्फावर काढून त्या दिवशी कळलं.

घरी गेलो तेव्हा ती दुकानात कुणा पोराच्या इवल्याशा जोडीला मेण लावत होती. मेण वितळवायची इस्त्री फिरत होती. मी म्हणालो, "विंको पास झाला."

"कळलं."

"मी पडलो."

"तेही कळलं. लागलं का कुठे?"

"झोफ्का," मी म्हणालो, "तुझं चुकलं असेल. माणूस आहे, चुकतो. एकदा म्हण की चुकलं, आणि मी हा विषय कधी काढणार नाही." मी जवळजवळ भीकच मागत होतो. मला तिनं खोटं बोलायला हवं होतं.

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. "नाही चुकलं," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं काच होणार. म्हणून ती दिली."

तिथे ग्राहकांसाठी एक बाक आहे, बूट घालून बघायला. मी त्यावर बसलो. बसलो म्हणजे पडलो.

"मेलो असतो मी."

"तिथे जाळी होती. संध्याकाळी वर जाऊन मी रायकोला ती पुन्हा ताणायला लावली, सगळ्या गाठी स्वतः ओढून बघितल्या. खाली माणसं होती. वर काळ्या भिंतीच्या कड्याखाली जाळी नसते, लुडविक."

"माझं नाव गेलं यादीतून. तुला माहीत होतं माझं काय होईल."

"माहीत होतं. वर्षभर दुसरं ऐकलंय काय मी?" तिचा आवाज चढला नव्हता, त्यानं मला जास्त भीती वाटली. "तू जिना चढताना डावा पाय हातानं उचलून पायरीवर ठेवतोस. मी बघत नाही असं बघून ठेवतोस. मागच्या खेपेला स्लेजवर एक पोरगी होती, आणि पुढे तू होतास. त्या पोरीच्या आईला हे माहीत होतं का?"

"मग सांगायचं होतंस, जाऊ नको."

"ते म्हणायची सोय ठेवलीय या गावानं?" ती म्हणाली. "मला तोंड कुठे दिलंय? एक जोडी दिलीय हातात. तिच्यानं जे सांगता आलं ते सांगितलं."

मी उठलो आणि दार आपटून बाहेर पडलो.

त्यानंतर मी घरात अबोला धरला. विंकोकडे जेवायला जाऊ लागलो. मार्येता वाढायची आणि मधूनमधून झोफ्काची तारीफ करायची, आणि मी अर्धं ताट टाकून उठायचो. कुंपणानंच शेत खाल्लं, हे एवढंच वाक्य मी दिवसभर पुटपुटत असे. शत्रूनं केलं असतं तर भांडलो असतो. माझ्या पायाला कुठला बर्फ सोसतो हे ज्या एका माणसाला माझ्याहून जास्त ठाऊक, त्यानंच ते ठाऊक असणं माझ्यावर उलटवलं. रात्र रात्र मी छताकडे बघायचो, आणि ती शेजारी जागी असायची, हेही मला कळायचं.

आमची नेझा, मुलगी, पथकातच आहे. तिनं दोघांनाही फैलावर घेतलं. "आईनं केलं ते वाईट केलं," ती मला म्हणाली. "पण बाबा, तुझ्या पायाचं मला सांगितलं असतंस तर तिला करावं लागलं असतं का?"

"तू मला शिकवू नको."

"रेडिओवर बस आता, तिथून शिकव मला," ती म्हणाली आणि निघून गेली. पोरगी माझ्यावर गेलीय.

मार्च लागला. दोन दिवस सलग बर्फ पडला, कोरडा, पिठासारखा, खिडकीच्या चौकटीपर्यंत. तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं आणि वारा सुटला. मी दुकानाच्या दारातला बर्फ फावड्यानं काढत होतो. झोफ्का आत एका बुटाची पकड बसवत होती. नेझा धावत आली, अंगात पथकाचं लाल जाकीट, कमरेला दोर.

"काळ्या भिंतीखाली दोघं अडकलेत," ती म्हणाली. "फोन लागतोय, एकाचा पाय मोडलाय. रायको गाडी घेऊन येतोय. आई, जोडी."

झोफ्का उठली नाही. तिनं हातातला स्क्रू ड्रायव्हर बाकावर ठेवला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलली.

"घरी थांबणारे आता आपण दोघं आहोत," ती म्हणाली. "आज तू दे."

मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, हिला दाखवतो निवड म्हणजे काय असते. प्रामाणिकपणा म्हणजे काय असतो. मी फावडं टाकलं आणि भिंतीपाशी गेलो. नेझाच्या तिन्ही जोड्या तिथे ओळीनं टांगलेल्या असतात. चार बोटांची, पाच बोटांची, सहा बोटांची. बाहेर मांडीएवढा ताजा बर्फ. पाच वर्षांच्या पोरालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, सहा.

मी भिंतीकडे बघत होतो, पण मला काळी भिंत दिसत होती. वारा कुठल्या बाजूनं सुटलाय, त्या घळीच्या माथ्यावर किती बर्फ येऊन बसला असेल, तो कशानं सुटून खाली कोसळतो. हे सगळं मी स्वतः वर जाताना कधी बघितलं नव्हतं. जाणाऱ्याचं डोकं आधीच वर पोचलेलं असतं. माझं डोकं आज अंगणात होतं, ठिकाणावर होतं, आणि ते ठिकाण भयंकर होतं. मी हात वर केला आणि जोडी काढून नेझाच्या हातात दिली.

तिनं खाली बघितलं. "बाबा," ती म्हणाली, "ही चार बोटांची आहे."

मी बघितलं. होती. अरुंद, सुंदर, लखलखीत धारेची. त्या बर्फात तिच्यावर उभी राहिली असती तर गाडीतून उतरल्या उतरल्या कमरेपर्यंत बुडाली असती, आणि रायकोनं तिला मागे ठेवलं असतं. तळावर. रेडिओपाशी.

देवाशपथ सांगतो, मी ठरवलं नव्हतं. झोफ्कानं ठरवून केलं होतं, जाळीच्या गाठी ओढून बघून केलं होतं. माझ्या हातानं मला न विचारता केलं. मी त्या हाताकडे बघत राहिलो.

नेझानं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला, त्याच्या जागी जे आलं ते मला बघवेना. ती भिंतीकडे वळली नाही. आमच्या गावची पोरगी, दिलेली जोडी बदलत नाही. ती चार बोटांची जोडी हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "हीच देतोस का? तू देशील ती मी नेईन."

बाहेर रायकोच्या गाडीचा हॉर्न वाजला.

'जाऊ नको' माझ्या जिभेवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. मी झोफ्काकडे बघितलं. तिनं मदत केली नाही. तिनं नुसता माझा चेहरा बघितला, आणि तिला जे माझ्याकडून इतकी वर्षं ऐकायचं होतं ते तिला त्यात दिसलं असावं, कारण तिचे डोळे भरून आले.

मी चार बोटांची काढून घेतली. सहा बोटांची उतरवली. कडांवरून अंगठा फिरवला, खालचं मेण बघितलं, बुटाची पकड दोनदा दाबून बघितली, आणि दिली.

"डावीकडून चढा," मी म्हणालो. "झाडांच्या आतून. माथ्याखाली थांबू नका."

"हो बाबा," ती म्हणाली आणि गेली.

गाडीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. मग ओढ्याचा. झोफ्कानं बाकावर सरकून जागा केली आणि मी बसलो. तिनं माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. तो थरथरत होता, तिचाही थरथरत होता.

"दर वेळी असं होतं?" मी विचारलं.

"दर वेळी," ती म्हणाली.